दर गुरुवारी, ढग नसतील तर

फाटकावरच्या पाटीवर तसंच लिहिलंय.
पाटी मीच रंगवतो, दोन वर्षांतून एकदा,
आणि 'ढग' हा शब्द दर वेळी
हातून जरा मोठाच होतो.
कीटो शहर विषुववृत्ताला खेटून बसलेलं:
दोन्ही गोलार्धांचं आकाश आमच्या वाट्याला,
ढगही दोन्हींकडचे.

आज चौघंच आली.
थंडीला आडोसा शोधणारं एक नवं जोडपं,
शाळेची वही छातीशी धरलेला विल्मेर,
आणि एर्मेलिंदा काइसा,
जी याच फाटकाबाहेर एकतीस वर्षं
पेरूच्या गराचा फेस शंकूत भरून विकते
आणि आजवर आत आली नव्हती.
"आभाळ झाकलेलं, मग तिकीट पूर्ण कसं?"
मी पावती फाडली, गप्प राहिलो.

दोर ओढला. घुमट कुरकुरत फिरला,
गुडघे धरलेलं माणूस बाकावरून उठावं तसा.
फटीतून आत आला तो नुसता गारवा
आणि निलगिरीचा वास.
पितळी दुर्बीण जर्मनीहून बोटीने आली,
मग खेचरांच्या पाठीवरून घाट चढली,
असं मी सगळ्यांना सांगतो.
खेचरांचं मला कोणी सांगितलं, ते आता आठवत नाही.

"शनी तिथे आहे," डॉक्टर येपेसबाई म्हणाल्या,
ओल्या लोकरीसारख्या आभाळाकडे बोट करून.
आम्ही सगळ्यांनी तिथे पाहिलं,
आत माणूस आहे पण दार उघडत नाही
अशा घराकडे पाहावं तसं.
विल्मेरने वहीत लिहिलं: शनी.
मग खोडलं.

तेव्हा बाईंच्या मनात काय आलं कोण जाणे,
नळी खाली आणली, आणखी खाली,
पिचिंचाच्या उतारावर, जिथे तोक्तिउकोची घरं
एकमेकांच्या खांद्यावर पाय देऊन चढली आहेत.
"या, सेन्योरा."

एर्मेलिंदाने ॲप्रनला हात पुसले,
बघायचं डोळ्याने होतं, तरीही.
वाकली. बराच वेळ काही बोलली नाही.
मग: "मेला तो दिवा! चालूच राहिला माझा."
निळं दार, पत्र्यावरचा टायर, दोरीवरचं स्वेटर,
सगळं उलटं, पायऱ्या आभाळात उतरणाऱ्या,
आणि गॅलरीतला एक बल्ब
रोपासारखा खालून वर उगवलेला.
"माझा नवरा असता," ती म्हणाली,
"तर आज पहिल्यांदा सरळ उभा दिसला असता."
जोडपं हसलं. मग तीही हसली, उशिराने,
पण डोळा काही काढेना.

विल्मेरने लिहिलं:
पाहिलं – एक बल्ब, चाळीस वॉटचा. उलटा.
अंतर – बसने अठरा मिनिटं.
बाईंनी खाली सही केली.

पुढच्या गुरुवारी आभाळ धुतल्यासारखं.
रांग तळ्यापर्यंत गेली. शनी दिसला, कड्यासकट.
चित्र तर चिकटवलं नाही ना, म्हणून
एकाने भिंगात पुढून डोकावून पाहिलं.
एर्मेलिंदा बाहेरच. धंद्याची वेळ.
मी गच्चीवरून उतारावर नजर टाकली:
हजार दिव्यांत तिचा नव्हता.
"विजेचं बिल कोण भरणार?" ती म्हणाली,
आणि एक शंकू माझ्या हातात ठेवला, पैसे न घेता.

तरी कुलूप लावताना मी रोज तिकडे बघतो.
चर्चच्या मनोऱ्यापासून डावीकडे, दोन बोटं वर,
दोन दिव्यांमधली
ती काळोखी जागा.