हरवली ती तुझी

वेंगुर्ल्याच्या बाजारात, फर्नांडिसांच्या दुकानी
मी हात पुढे केला, आंतोनेत हसली नाही.
काजूच्या टरफलांचं तेल बोटांत मुरलेलं,
मनगटाखाली माझा रंग परका.

"हातार बघू नको. हात खोटा बोलता."
जबड्याच्या कडेला तिनं तीन रेघा ओढल्या:
आयव्हरी, सँड, हनी.
ट्यूबलाइटखाली तिन्ही शहाण्यासारख्या वागत होत्या.

"भायर चल."
बाहेर म्हणजे गटारावरची फळी, सुकटवालीचा शेजार,
चारचं ऊन बंदराकडून थेट तोंडावर.
आयव्हरी तांदळाच्या पिठासारखी उठून आली.
सँड राखाडी पडली.
तिसरी काही सापडेना.
"हरवली ती तुझी," आंतोनेत म्हणाली.

मग दहा मिनिटं घाम येऊ दिला,
टिकते का बघायला.
सुकटवालीनं मधेच किंमत विचारली,
आणि तेवढ्यात जवळा किती येईल
ते न विचारताच सांगितलं.

घरी आई बल्बखाली माझी हनुवटी
इकडून तिकडे फिरवत राहिली.
"साडेतीनशे रुपये! आणि दिसना तर काय्येक नाय."

कारखान्यात लागल्यापासून
एवढा वेळ
तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं नव्हतं.