हातचा

चौदावी स्लाइड माझी आहे.
खाली प्रेंटिससाहेबांचं नाव असलं तरी
तो निळा स्तंभ मी उभा केला,
विनिपेगच्या ऑफिसात, रात्री पावणेदोनला.
'वैमानिक-खर्च : एकतीस टक्के.'

माझ्या पहिल्या कागदावर एकोणीस होते.

साहेब म्हणाले, त्यांची हॉटेलं घाल त्यात.
घातली.
सिम्युलेटरचं भाडं?
घातलं.
सू लुकआउटला वादळात विमान रात्रभर उभं राहिलं,
त्याच्या हीटरचं बिल.
मी थबकले, तर म्हणाले,
"उडणार नाही असं कोण म्हणालं? कॅप्टनच ना?"
तेही घातलं.
पंखांवरचं बर्फ उतरवायचं नारिंगी औषध,
हंगामाचं सगळं, लिटरालिटरानं,
त्यांच्याच नावावर चढवलं.

गोळाबेरीज म्हणतात याला.
गोळा माझा, बेरीज साहेबांची.

आज बोलण्यांचा अकरावा दिवस.
थंडर बे, उणे एकतीस.
(हा आकडा मात्र मी वाढवलेला नाही.)
हॉटेलच्या तळमजल्यावर गालिचाला
कुणाच्या तरी लग्नाचे डाग,
आणि काचेपलीकडे पार्किंगमध्ये
गणवेशातली साठेक माणसं गोल गोल चालतायत.
घोषणा नाहीत. छातीशी पाट्या, तोंडातून वाफ.
त्यांच्यात आयनो सारेला,
माझ्या भावाच्या वर्गातली.
विमानात उजव्या खुर्चीत बसते
आणि सुट्टीच्या संध्याकाळी किराण्याच्या गल्ल्यावर.
मागच्या गुरुवारी आईसाठी अंडी घ्यायला गेले
तर तिनं खोका उघडून एकेक फिरवून पाहिलं,
"एक तडकलंय, थांब, बदलून देते."
मी थांबले.
एकतीसबद्दल काही बोलले नाही.

आत पडद्यावर माझा निळा स्तंभ.
ओरेस्ट पालामार्चुक, एकोणतीस वर्षं कॅप्टन,
चष्मा दोरीला बांधलेला,
बराच वेळ बघत राहिले. मग विचारलं,
"आणि हातचा?"
"म्हणजे?" प्रेंटिस.
"हिशेब आम्हीही मांडतो, दर उड्डाणाआधी.
पोचायला लागेल ते इंधन.
तिथं उतरता आलं नाही, तर पलीकडच्या गावाचं.
आणि वर पाऊण तासाचं,
ज्याचं कारण लिहायला कागदावर जागाच नसते.
ते पाऊण तास मी दोनदा वापरलेत.
एरवी नुसतं ओझं वाहिलं. तुमच्या भाषेत वाया."
त्यांनी चष्मा पुसला.
"त्या दोन रात्री कुठल्या स्तंभात धरल्यात?"

कॉफीचं यंत्र कण्हलं.
साहेब म्हणाले, आपण मुद्द्याला धरून बोलू या.
मग माझ्याकडे न बघता, "पुढची."

रिमोट माझ्या हातात होता.
मी दाबला.
पंधरावी स्लाइड आली, हिरवी,
बचतीची.

संध्याकाळी आम्ही परत निघालो, आमच्याच कंपनीच्या विमानानं.
मी खिडकीशी, पलीकडे साहेब, मांडीवर लॅपटॉप.
दुपारी गप्प होती ती आता बोलली:
"मी फर्स्ट ऑफिसर सारेला. पंखांवर बर्फ आहे,
वीसेक मिनिटं लागतील. माफ करा."
साहेबांनी घड्याळ पाहिलं, जिभेनं चक् केलं.
बाहेर उच्चालकावर एक माणूस उभा राहिला
आणि माझ्या काचेवरून
ते नारिंगी, घट्ट, ऊन औषध
ओघळू लागलं.
लिटरचा भाव मला पाठ आहे.
मी मोजायला लागले, सवयीनं, बोटांवर.
कितीतरी वेळ ओघळतच राहिलं.
मधेच कुठेतरी आकडे सुटले,
आणि मूठ मिटलेलीच राहिली,
जशी लहानपणी
हातचा विसरू नये म्हणून
मिटून धरायचे.