उरलेले आटे

फारावुहित्राचा चढ जिथे सुरू होतो
तिथे लालाओ टायरवाला बसतो.
गाडी दिसण्याआधीच तो आवाज ओळखतो.
मागच्या महिन्यात म्हणाला, "सुलुफू,
तुझं इंजिन ओरडतंय जिवाच्या आकांतानं
आणि गाडी निवांत ऐकत बसलीये."

मी हसलो. गिअर पुढे ढकलला.
कात्रेल आहे माझी, रेनोची, सायीच्या रंगाची,
माझ्या थोरल्या मुलीपेक्षा नऊ वर्षांनी मोठी.

क्लच काही एका रात्रीत जात नाही.
आधी पायाला कळतं, मग नाकाला.
खिशाला सगळ्यांत शेवटी,
कारण ऐकू आलं तरी
खिसा दुसऱ्या कुशीवर वळतो.

पूर्वी पेडल अर्ध्यावर आलं की पकड यायची.
मग दोन बोटं वर. मग चार.
आता गुडघा स्टिअरिंगला टेकतो
तेव्हा कुठे ती हलते,
शाळेसाठी उठवलेल्या पोरासारखी.
दरवेळी केबलचा नट थोडा मागे घ्यायचो,
पुन्हा सहा महिने ढकलायचो.
परवा पाना लावला
तर दोनच आटे उरलेले.

न्झाका मेकॅनिकची परीक्षा साधी आहे :
सपाटीला उभी कर, हातब्रेक ओढ,
तिसरा टाक, आणि क्लच सोड.
इंजिन मेलं, तर गाडी जिवंत.
चालतच राहिलं, तर पैसे जमवायला लाग.
पाऊस संपला तेव्हा केली, तर झटक्यात मेलं.
आनंदानं आम्ही दोघांनी कॉफी घेतली.
परवा पुन्हा केली.
मेलं,
पण विचार करून मेलं.

"थांबू अजून?" मी विचारलं.
न्झाकानं हात पुसले. बराच वेळ पुसले.

बुधवारी मादाम बाकुलींचा बाजार असतो.
अकरा वर्षं त्या मागे डावीकडे बसतात,
पायाशी अर्धं पोतं कोळसा,
मांडीवर टोपलीत दोन बदकं.
चढाच्या तोंडाशी म्हणाल्या, "इथेच थांबव.
डॉक्टरांनी चालायला सांगितलंय."
पूर्ण भाडं दिलं. बदकं घेतली.
कोळसा राहू दे म्हणाल्या, वर आणून टाक.
आणि पायऱ्यांच्या वाटेनं निघाल्या
त्र्याहत्तर वर्षांच्या गुडघ्यांवर.

मी पोतं घेऊन चढलो.
इंजिन ओरडत होतं, काटा वर,
आणि बाजूनं एक सायकल पुढे गेली, हातानं ढकललेली.
काचा उघड्या असूनही आत
नख जळल्याचा वास.

वर पोचलो तर त्या फाटकाशी उभ्या होत्या,
माझ्याआधी पोचलेल्या,
आणि बघत होत्या दुसरीकडे,
खाली तळ्याच्या दिशेला,
जकरंदाला फुलं नसताना.

त्या न बघण्यावरून मला कळलं.
लालाओनं सांगून नाही,
आट्यांवरून नाही.

न्झाकानं गिअरबॉक्स उतरवला.
चकती हातात दिली : पातळ, काळी,
रिव्हेटची डोकी उघडी पडून चमकणारी.
फ्लायव्हीलवर त्यांनी गोल चरे पाडले होते.
"महिनाभर आधी आला असतास तर हे वाचलं असतं."
"महिनाभर आधी तू काय म्हणाला असतास?"
तो खाली वाकून काहीतरी शोधू लागला.
"म्हणालो असतो, चालव अजून थोडी."

तीन आठवड्यांची कमाई गेली,
वर मेव्हण्याकडून उसने.

पुढच्या बुधवारी मादाम बसल्या,
डावीकडे, बदकांसह.
मी पाय उचलू लागलो
आणि सवयीनं वरच्या पकडीची वाट बघत राहिलो.
नव्या क्लचनं खालीच पकडलं.
गाडीनं बेडकासारखी उडी मारली आणि बंद पडली.
मागे बदकांनी एकच गोंधळ घातला.

"माफ करा," मी म्हणालो,
"पाय अजून जुनाच आहे."
त्यांनी पुढची सीट दोन्ही हातांनी घट्ट धरली.
म्हणाल्या, "चल."