सल्ला देता येत नाही

शहाण्यानं चढू नये म्हणतात ती पायरी
सेंट लुईसच्या या इमारतीत नाहीच.
लिफ्ट आहे, थेट विसाव्या मजल्यावर,
आणि लिफ्टसमोर, काचेमागे, मी.
एकोणीस वर्षं.

काचेवर पाटी:
'कर्मचारी कायदेशीर सल्ला देऊ शकत नाहीत.'
तिचा खालचा कोपरा सुटतो.
दर सोमवारी मी तो अंगठ्यानं दाबते.

ओडेल प्रुइट आला तेव्हा टोपी हातात होती,
अपिलाचे कागद बुटांच्या खोक्यात.
पहाटे निघून दोन बस बदललेल्या.
शिशाच्या भट्टीवर सव्वीस वर्षं काढलेला माणूस,
आता कॉफीचा कप दोन्ही हातांनी धरतो
आणि तरी सांडतो.
कंपनीनं पेन्शन नाकारली.
खालच्या कोर्टात तो स्वतःच उभा राहिला,
ताठ, इस्त्रीच्या शर्टात,
हात खिशात घालून.
'थरथर दाखवायची लाज वाटली,' म्हणाला.
न्यायाधीशांनी लिहिलं: वादी धडधाकट दिसतो.

मग काचेच्या भोकाशी तोंड आणून त्यानं विचारलं,
'माझ्या पुतण्यानं लोकांच्या गाड्यांचे सायलेन्सर कापून विकले.
दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला वकील मिळाला, फुकट, टाय लावलेला.
मी तर काही चोरलं नाही, बाई.
मग मला का नाही?'

मला उत्तर ठाऊक होतं.
तुरुंगाची भीती असेल तर वकील द्यावाच लागतो,
घर, पोर, पोट जात असेल तर मागावा लागतो,
आणि मागून मिळेलच असं नाही.
हेही ठाऊक होतं, की चौथ्या पानावर, अगदी तळाशी,
एक चौकोन असतो,
नखाएवढा,
आणि तो रिकामा राहिला
तर मागितलं असं कुणी धरत नाही.

मी पाटीकडे पाहिलं.
फॉर्म त्याच्याकडे सरकवला, चौथं पान वर,
आणि माझं पेन त्यावर ठेवलं,
टोक नेमकं चौकोनात.
पेन ठेवणं म्हणजे सल्ला नव्हे.
निदान नियमांत तसं कुठे लिहिलेलं नाही,
मी नंतर घरी जाऊन पाहिलं.

मालमत्ता, त्यानं लिहिलं: एक पिकअप, बंद.
एक कुत्री, म्हातारी.
रोख एकेचाळीस डॉलर, पैकी अकरा परतीच्या बसचे.
'वकील का हवा' यासाठी तीन ओळींची जागा.
त्यानं एकच भरली:
मला माझं सांगता येत नाही.
भूकंपाच्या यंत्रातून निघालेल्या कागदासारखी ती ओळ
वर गेली, खाली आली, रेघ सोडून भरकटली.
खालच्या कोर्टात जो पुरावा खिशात राहिला
तो इथे, माझ्या ट्रेमध्ये, उघडा पडला होता.

अकरा आठवडे.
मग हुकूम, दीड ओळीचा: मंजूर.

ग्रेटा नीमायर आली. यादीतली, स्वेच्छेनं नाव दिलेली,
एरवी गोदामांचे करारनामे लिहिणारी.
माझ्यासमोरच्या बाकावर बसली ती दोघं.
'फी किती?' त्यानं विचारलं.
'नाही.'
थोड्या वेळानं पुन्हा विचारलं.
तिसऱ्यांदा तिनं वहीच उघडली. 'सुरुवातीपासून सांगा.'
तो भट्टीबद्दल बोलला, दुधासारख्या पांढऱ्या धुराबद्दल,
मधेच कुत्रीबद्दल, आणि थांबला,
कारण एवढं बोलल्यावर नेहमी कुणीतरी थांबवतंच.
ती म्हणाली, 'मग?'

मी या काचेतून 'पुढचा' म्हणते,
दिवसाला चाळीस वेळा तरी.
'मग' म्हणायची मला परवानगी नाही.

त्याचं काय झालं विचाराल,
तर निकाल दुसऱ्या मजल्यावर लागतात,
माझ्याकडे नुसते कागद येतात आणि जातात.
त्याच आठवड्यात सतरा अर्जांवर मी शिक्का मारला:
नामंजूर.
त्यातल्या एकीचं अक्षर
फार सुंदर होतं.