जळण

त्या हिवाळ्यात त्बिलिसीत वीज यायची
रात्री दोन ते अडीच, तीही आली तर.
नळात बर्फ. रस्त्याकडेचे चिनार
कुणी कधी तोडून नेले कळलंही नाही,
सकाळी नुसते बुंधे, ओलसर, पांढरे.
पावासाठी पहाटे चारपासून रांग,
तळहातावर निळ्या शाईने लिहिलेला नंबर.
माझा दोनशे सोळा. मी नऊ वर्षांची.

चौथ्या मजल्यावर पत्र्याची शेगडी एकच,
मक्वालाकडे. खिडकीची काच काढून
धुराचा नळ बाहेर सोडलेला.
अंधार पडला की सगळा मजला तिथे,
आणि येताना प्रत्येकाच्या हातात काहीतरी जळण.
नुगझारने खुर्ची आणली, मग दुसरी खुर्ची,
मग घरातली लाकडी फरशी उचकटून, पट्टी पट्टी.
आईने माझा पाळणा आणला.
बोलली काही नाही, भिंतीशी ठेवला.

मक्वालाकडे होती फक्त पुस्तकं.
बुटांच्या कारखान्यात एकतीस वर्षं हिशेब लिहिले तिने,
आणि दर पगाराला एक पुस्तक. भिंतभर.
नुगझार नजरेनेच मोजत म्हणाला,
कागद भुर्रकन जातो, पण एवढ्यात मार्च निघेल.

जाळा की, ती म्हणाली.
अट एकच. न वाचता एकही आत जायचं नाही.
मोठ्याने वाचायचं. पहिल्या पानापासून.

पहिला कप्पा कारखान्याने भेट दिलेला:
योजना, गौरवग्रंथ, कुठल्याकुठल्या सचिवांची भाषणं,
सोनेरी अक्षरं, लाल कापडी बांधणी.
अर्धं पान होतंय न होतंय, मजला ओरडायचा, टाका!
तीन संध्याकाळींत कप्पा साफ.
गुळगुळीत कागद धड जळतही नव्हता,
नुसता खळीचा वास.
मग एक बक्षीस मिळालेली कादंबरी.
चाळिसाव्या पानावर लमारा घोरायला लागली.
टाका.

मग ती जाडजूड.
पुठ्ठा सुटलेला, एका गिरणीवरून
दोन भावांत चाललेला खटला.
मक्वाला वाचत राहिली, दिव्यातलं सूर्यफुलाचं तेल संपलं,
तेव्हा कुठे म्हणाली, राहिलेलं उद्या.
दुसऱ्या दिवशी नुगझार जिन्यातूनच धापा टाकत आला,
पाठीवर न्हाणीघराचं दार.
हे घ्या, महिनाभर पुरेल.
पुस्तकाला हात लावू नका.
त्या धाकट्याने साक्ष दिली का?

खाली गोळीबार व्हायचा कधीकधी.
मक्वाला आवाज चढवायची नाही, थांबायचीही नाही,
बोट ओळीवरून सरकत राहायचं,
हिशेबाच्या वहीवर सरकावं तसं.

एका रात्री जुन्या कवितांचं पुस्तक निघालं,
आमच्याच भाषेतलं, पण इतकं जुनं
की निम्मे शब्द परक्या गावच्या पाहुण्यांसारखे.
त्यात एक बाप येतो रणावर मुलाला शोधत,
प्रत्येक चेहऱ्यावरची माती पदराने नाही, ओठांनी फुंकत.
लमाराचा मुलगा सुखुमीहून परतला नव्हता.
ती म्हणाली, एवढं पान परत वाच.
मक्वालाने वाचलं.
परत.
त्या रात्री शेगडीत काही टाकायचं
कुणाच्याच लक्षात राहिलं नाही.
थंडी होती. होतीच.

गिरणीचा खटला संपला फेब्रुवारीत.
मक्वालाने पुस्तक मिटलं,
शेगडीचं झाकण उघडून धरलं.
वाचून झालं. अट पुरी.
कोणी हललं नाही.
नुगझारने खाकरून घसा साफ केला,
मधे, कोर्टाच्या प्रसंगात,
मला जरा डुलकी लागली होती,
परत वाचावं लागेल.
खोटं बोलत होता. त्या प्रसंगात
तो गुडघ्यांवर उभा राहून ऐकत होता.

मार्चमध्ये अंगणातला जर्दाळू फुलला.
आमच्या मजल्यावर एकाही घराला
आतलं दार उरलं नव्हतं.
मक्वालाच्या भिंतीवर मात्र
दोन कप्पे, खच्चून भरलेले, काजळीने काळे.

आता मी पुस्तकांच्या दुकानात बसते.
गिऱ्हाईक विचारतं, बाई, चांगलं पुस्तक ओळखावं कसं?
काय सांगू.
नुगझारच्या न्हाणीघराला
अजून पडदाच आहे.