लाभ, दोन, तीन

मार्केट यार्डाच्या पाठीमागं, लातुरात, तिसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस.
खाली बारदान्याचं दुकान, मधे नीटचे क्लास,
वर आम्ही अकराजण आणि एक ॲप.
लिफ्ट नाही. रोडमॅप आहे.

मी प्रॉडक्ट मॅनेजर.
आईला सांगितलं तेव्हा तिनं विचारलं, म्हणजे माल कुठला?
माल नसतो गं, म्हटलं.
ती गप्प बसली. मग शेजारी सांगून आली,
पोरगी बँकेत हाय.

सकाळची मीटिंग उभ्यानं घ्यायची, म्हणजे लवकर संपते म्हणे.
परवा बटण हिरवं की केशरी, यावर पावणेदोन तास उभे होतो.
सोडून गेलेल्या गिऱ्हाइकाला आम्ही 'निष्क्रिय' म्हणतो,
जणू जेवून जरा लवंडलाय,
उठला की येईल परत.

ऐन तुरीच्या हंगामात झंवर शेठचा फोन आला:
मॅडम, तुमचं ॲप कट्टा खातंय.
चाळीसच्या थप्पीला एकोणचाळीस, साठला एकोणसाठ.
मुदस्सिरनं रात्रभर कोड उसवला.
त्याच्या जगात मोजणी शून्यापासून होते,
म्हणून पहिला संशय शून्यावर.
शून्य निर्दोष निघालं.

चौथ्या दिवशी मीच खाली उतरले,
आडतीच्या ओट्यावर बसले धुरळ्यात, शिंकत.
मोबाईल काट्याजवळ ठेवला.
आवाज ऐकून मोजायचं, हेच तर आमचं नवं फीचर.
मापाडी गुरलिंगप्पांनी पहिला कट्टा काट्यावर घेतला
आणि म्हणाले,
लाभ.
मग दोन. मग तीन.

पहिल्या शब्दाला ॲपनं
खोकला समजून सोडून दिलं होतं.

बेंगळुरूहून वरिष्ठ कॉलवर म्हणाले, युजरला ट्रेन करा.
गेले मी ट्रेन करायला, गळ्यात आयकार्ड.
अप्पा, एक म्हणा ना.
माझ्या समाधानासाठी त्यांनी म्हणून बघितलं.
एक.
आणि हात तिथंच थांबला, कट्ट्याच्या कानावर.
मागं हमाल खोळंबले.
'बत्तीस साल झाले मॅडम,
लाभ म्हणल्याबिगर दोन येतच न्हाई तोंडात.
तुमचं मशीन नवं हाय, त्याला शिकवा की.
पोरगं हाय अजून, लवकर शिकंल.'

जिना चढताना मधल्या मजल्यावर
पोरं घड्याळ लावून पेपर सोडवत होती.
चुकलं की गुण वजा.
यांच्या मोजणीत लाभ कुठून सुरू होतो, विचारावंसं वाटलं.
मग भूक लागली.

वर येऊन तिकीट लिहिलं:
शब्दांच्या यादीत एक नोंद वाढवावी. लाभ म्हणजे एक.
तातडी, जास्त.
कारणाचा रकाना दोनशे अक्षरांचा.
खूप वेळ त्याच्याकडे बघत बसले,
खालून सुतळीचा वास येत होता.
शेवटी लिहिलं, 'स्थानिक'.

शुक्रवारी डेमो. थप्प्या जुळल्या, शेठ खूश,
गुंतवणूकदारांच्या पाच चौकोनांपैकी तिघांचे कॅमेरे बंद.
एकानं विचारलं, तुमची कंपनी प्रॉफिटमध्ये कधी येणार?
मुदस्सिर म्यूट करायला विसरला होता.
'लाभ तर एक झालाय सर,' तो पुटपुटला, 'कालच टाकलाय.'
कुणालाच कळलं नाही.
मी घाईनं पुढची स्लाईड लावली, तीत चढता बाण होता.

रात्री सगळे गेल्यावर मी ती ओळ उघडून बघितली.
मला कोड फारसा वाचता येत नाही.
पण मुदस्सिरनं वर एक टीप ठेवलीय, यंत्र वाचत नाही तशी,
नंतर येणाऱ्या कुणासाठी तरी:

ही ओळ चूक वाटेल. काढू नये.
शंका आल्यास खाली जाऊन अप्पांना विचारावे.
सकाळी अकराच्या आत. नंतर सौदे सुरू होतात.