मैदानाकडं पाठ करून

पूर्णा जंक्शनात, लोको शेडच्या मागं,
जुन्या स्लीपरांच्या पायऱ्यांवर
आम्ही एकोणचाळीस जण बसलो
मैदानाकडं पाठ करून.

ठरलंच होतं तसं.
हबीब मिस्त्री म्हणला, घोषणा नको,
घोषणांना चेअरमन भीत नाही,
घोषणा तर तोच लिहून देतो पोरांना.
पाठ दाखवू. पाठीला काय उत्तर देईल?

दहा वर्षांखाली आला तेव्हा
आम्हीच त्याला खांद्यावर घेतलं, हे कबूल करावं लागतं.
एक खांदा माझाही होता. उजवा.
सुहास कौडगावकर, मल्टिस्टेटचा चेअरमन,
पांढरे बूट, गवतात असा पाय उचलून टाकायचा
जसं काही मैदानभर शेण पडलंय.
म्हणला, तीन वर्षांत कोलकात्यात खेळवतो तुमची टीम.
आम्ही कोलकाता म्हणलं की उठून उभी राहणारी माणसं.

आधी नाव बदललं.
'जंक्शन इलेव्हन'चं
'कै. त्र्यंबकराव कौडगावकर एफसी' झालं.
त्र्यंबकरावांनी उभ्या जन्मात
चेंडूला पाय लावला नव्हता.
चुकून लागला असता तर नमस्कार केला असता.

मग फ्लडलाइटचे चार खांब आले.
दिवे आले नाहीत.
खांबांवर बगळे बसतात,
आणि हिशोबात दर महिन्याला लाइटबिल.
वार्षिक सभेत कचरू खिल्लारेनं हे वाचून दाखवलं
तर माइक बंद.
पोहे सुरू.

नांदेडच्या मॅचला बस सुटलीच नाही,
ड्रायव्हरचे मागचे चौदा हजार बाकी.
पोरं पॅसेंजरनं गेली, दोघांकडं तिकीट नव्हतं,
चुडाव्याला खाली उतरवलं.
नऊ जणांनी सहा गोल खाल्ले.
दुसऱ्या दिवशी स्टेशनापुढं फ्लेक्स:
'झुंजार खेळीबद्दल मा. चेअरमनसाहेबांचे हार्दिक अभिनंदन.'
गोलपोस्टापेक्षा मोठा.
भादव्यात आम्ही तोच काढून
बदली खेळाडूंच्या डोक्यावर धरला,
साहेबांच्या नाकावरून पाणी गळत राहिलं.

आणि मी?
मी फंडातले दोन लाख त्याच्याच मल्टिस्टेटात ठेवले.
साडेबारा टक्के.
घरात विचारलं, कामून?
म्हणलं, आपल्या क्लबाचा माणूस आहे.
आता शाखेला कुलूप, कुलपावर लाखेची मोहर,
आणि मैदान म्हणे गहाण.
निजामाच्या रेल्वेतल्या गार्डांनी
पगारातून आणा-आणा काढून घेतलेलं मैदान.
पेनल्टीचा ठिपकासुद्धा? हबीबनं विचारलं.
वकील चष्मा पुसत म्हणला,
सुद्धा.

तर बसलो.
समोर बाभळी, वाळत घातलेली कुणाची तरी चादर,
अकोल्याकडं जाणारा रूळ.
मागं मॅच.
अशा वेळी पाठीला कान फुटतात.
हा फटका अय्याजचा, डाव्या पायाचा.
ही शिवी आमच्या गोलीची.
हे जे 'हाय' झालं ते बारला लागून गेलं,
कुणी सांगायची गरज नाही,
चाळीस वर्षं ऐकतोय.
खिल्लारेची मान हळूच वळायला लागली की
हबीब खोकायचा.

तेवढ्यात डोक्यावरून
चेंडू आला
आणि बाभळीच्या बुडाला जाऊन थांबला.
क्लबाकडं एकच चेंडू आहे.
दुसऱ्याचं बिल आहे, चेंडू नाही.

मागून हाक आली, काका, बॉल!

एकोणचाळीस माणसं चेंडूकडं बघत बसली.
नाही दिला तर मॅच इथंच संपते,
उद्याच्या पेपरात येतं,
कदाचित साहेबांना घाम फुटतो.
दिला तर काय, दिला.
पोरगा परत ओरडला, अहो काका.
घरात जेवायला हाक मारतात तसा.

मी उठलो. गुडघे वाजले.
काटा काढला, चेंडू झग्याला पुसला,
दोन्ही हातांनी डोक्यावर धरला
आणि मागं न बघता
मागं फेकला.

कुठं पडला ते पाहिलं नाही.
अय्याज ओरडला, काका, फाउल थ्रो!
आणि हबीब मिस्त्री
पाठमोराच हसायला लागला,
खांदे गदगदा हलवत,
थांबेचना.